आखाजीच्या आधीची फवारणी

मी औषध प्यायले नव्हते. हे आधीच लिहून टाकते, कारण गावातल्या काही घरांत अजूनही मला चहा देताना बायका एकमेकींकडे बघतात. कपाशीवर मारायचं औषध माझ्या अंगात गेलं, हे खरं. पण ते मी पेल्यात ओतून घेतलं नव्हतं. भर दुपारी, दारं-खिडक्या लावून, टीव्हीवरच्या एका बाईसारखं मी ते फवारलं होतं.

हे लिहायला मला सहा वर्षं लागली. मी फार बोलणारी नाही. शिकले जळगावला मावशीकडे राहून, इंग्रजी शाळेत. सुट्टीत पारोळ्याजवळच्या आमच्या गावी आले की घरातले सगळे अहिराणीत बोलायचे आणि मी पुस्तकी मराठीत उत्तरं द्यायचे, तीही थोडक्यात. काका म्हणायचे, "हाई पोर बोलस का नुसती दखस?" मी नुसती बघायचे. या लिखाणात मी काय पाहिलं ते आहे, आणि पाहूनही काय बोलले नाही, तेही आहे.

टीव्हीवरची बाई

शेतीचा कार्यक्रम लागला की आमच्या पुढच्या खोलीत गल्लीतली माणसं येऊन बसत. एकदा त्यात फवारणी दाखवली. परीटघडीचा सदरा घातलेला शेतकरी, पाठीवर पंप, नाकातोंडावर काही नाही, हात उघडे. वारा समोरून येतोय आणि हा हसतोय. लगेच पुढच्या चित्रात बायको भाकरी घेऊन येते आणि तो बांधावर बसून त्याच हातांनी जेवतो.

नाना, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "दखा, आपन करतस तसंच दखाडी ऱ्हायनात." ते खूश झाले. आपण करतो ते बरोबर आहे, असं कुणीतरी मुंबईहून सांगितल्यासारखं त्यांना वाटलं.

मला माहीत होतं की ते बरोबर नाही. बाटलीबरोबर येणारी चिठ्ठी घरात मीच वाचायचे. ती अनेक भाषांत असायची, पण त्या बाटलीच्या चिठ्ठीचा मराठी भाग ओला होऊन चिकटला होता. इंग्रजी तेवढं शाबूत होतं. नाना चिठ्ठी माझ्या हातात देऊन म्हणाले होते, "कितलं टाकानं, तितलंच वाच." मी पंपाला किती टाकायचं ते वाचून दाखवलं. खाली बारीक अक्षरांत बरंच होतं. हातमोजे घाला. वाऱ्याकडे तोंड करू नका. घरात वापरू नका, अंथरुणापासून दूर ठेवा. ते मी मनात वाचलं आणि चिठ्ठीची घडी घातली. समोर पाच-सहा पुरुष बसले होते. त्यांच्यापुढे शहाणपणा दाखवायची माझी हिंमत नव्हती, आणि त्यांनी तेवढंच तर विचारलं होतं.

त्या वर्षी आणखी एक जाहिरात लागायची, घरातल्या किड्यांवर मारायच्या फवाऱ्याची. गुलाबी साडीतली बाई खोलीची खिडकी लावते. पलंगावर मूल झोपलेलं. ती पलंगाखाली, गादीच्या कडेने, मुलाच्या डोक्याजवळून फवारा मारते. तुषार हवेत चमकतात. मूल झोपेत हसतं, बाई आपल्याकडे बघून हसते. आता वाटतं, त्या डब्यात पाणीच असणार. तेव्हा वाटायचं, काय छान स्वच्छ खोली आहे.

दोन दिवस आधी

आमच्या खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी येतात. झाडाला झोके बांधतात, सांजोऱ्या होतात. माझी मोठी बहीण, अक्का, चोपड्याहून येणार होती. बाळंतपणानंतर पहिल्यांदाच. तिची मुलगी साडेचार महिन्यांची होती.

आईला घोर लागला होता ढेकणांचा. आमच्या सुताच्या बाजा ढेकणांनी भरलेल्या. दरवर्षी आखाजीआधी त्या अंगणात उन्हात टाकायच्या, सांध्यांवर उकळतं पाणी ओतायचं आणि काठीने झोडपायच्या, ही आमची रीत. त्या वर्षी आईचा हात पोळलेला होता. आणि फळीवर कपाशीचं औषध उरलेलं होतं, बाटलीत चार बोटं.

"उकयतं पानी कोन करी?" आई म्हणाली. "टीव्हीवरनी बाई करस तशी कर. दारं-खिडक्या लायी ले, नहीतं ढेकूण दुसऱ्या खोलीमा पयतीन."

मी म्हटलं, "ते औषध वेगळं असतं, आई."

"किडाच मारानां शेतस ना? मंग?"

चिठ्ठीतली ती ओळ माझ्या डोळ्यांपुढे होती. घरात वापरू नका. पण मी दुसऱ्यांदा काही म्हटलं नाही. असंही वाटलं की टीव्हीवर इतक्या लोकांना दाखवतात, धोका असता तर दाखवलं नसतं. इंग्रजी शाळेत शिकलेल्या मुलीला असं वाटलं, हे लिहायला लाज वाटते. पण वाटलं होतं.

हातपंप गळका होता. तीन बाजा, वैशाखाचं ऊन, पत्र्याची खोली. घाम आणि औषध मिळून माझा पंजाबी ड्रेस पुढून ओला झाला. बाजेच्या सुतात औषध मुरावं म्हणून मी अगदी जवळून, वाकून फवारत होते. सगळ्यांत जास्त मारलं खिडकीजवळच्या बाजेवर. वारा येतो म्हणून ती बाळासाठी ठेवली होती.

बाहेर आले आणि त्याच कपड्यांत सांजोऱ्यांचं सारण ढवळायला बसले.

धुळे

पुढचं तुकड्यातुकड्यांत आठवतं. आधी डोळ्यांपुढे सगळं अंधुक झालं, दुपार असून संध्याकाळ झाल्यासारखं. मग तोंडाला पाणी सुटलं, थांबेना. छातीत कुणीतरी ओली गोधडी कोंबली. जीपच्या मागच्या बाकावर आईच्या मांडीवर डोकं होतं आणि माझी लाळ तिच्या लुगड्यावर गळत होती. आई एकच वाक्य परत परत म्हणत होती. "पोरी, काय करी बसनी तू? काय करी बसनी?"

मला वाटलं ती फवारणीबद्दल म्हणतेय. नंतर कळलं, तिला बाटली रिकामी दिसली होती, आणि तीन बाजांना चार बोटं औषध लागेल असं तिला वाटलं नव्हतं.

धुळ्याच्या त्या खाजगी दवाखान्यात कुणीतरी दारातच ओरडलं, "पॉयझनची केस." तरुण मुलगी, कपाशीचं औषध, रिकामी बाटली. यापलीकडे कुणी काही विचारलं नाही. नाकातून नळी घालून माझं पोट धुतलं. पोटात सांजोरीच्या सारणाखेरीज काही नव्हतं. अंगावरचा ओला ड्रेस मात्र तसाच राहिला, संध्याकाळपर्यंत. औषध कापडातून अंगात जातच होतं. तो ड्रेस बदलला रात्रपाळीला आलेल्या सिस्टरने. त्या केरळच्या होत्या, मराठी जेमतेम, हिंदी तोडकीमोडकी. त्यांनी कपडे नाकाशी नेले, कपाळाला आठ्या घातल्या, आणि साबणाने माझे केस, मान, हात दोनदा धुतले. त्या कडक, घाईच्या हातांची आठवण अजून येते.

पोलीस जबाबासाठी आला तेव्हा मी शुद्धीवर नव्हते. त्याने विचारलं, घरात भांडण? परीक्षा? लग्नाचं काही? आई म्हणाली, "अमयनेरना लोके दखाले येनार व्हतात." ती हे बोलली आणि नाना खाली बघायला लागले. हे मला पुष्कळ दिवसांनी काकांनी सांगितलं. त्या एका वाक्याने सगळ्यांच्या डोक्यात सगळं नीट बसलं होतं. बाजांचा विचार कुणाच्याच मनात उरला नाही.

चादरीवरचे ढेकूण

अशा वेळी जे इंजेक्शन देतात त्याने जीव वाचतो, पण काही काळ माणूस भ्रमिष्ट होतो. कुणाच्या घरी असा पेशंट असेल तर घाबरू नका, हे उतरतं. माझं तोंड कोरड्या लाकडासारखं झालं, जीभ वळेना, आणि मला चादरीवर ढेकूण दिसायला लागले. मी ते एकेक वेचून टाकत होते. त्या जाहिरातीची धून गुणगुणत होते म्हणे. सलाईन उपटू नये म्हणून माझे दोन्ही हात गॉजच्या पट्टीने खाटेला बांधले.

मध्येच डोकं स्वच्छ व्हायचं. विहिरीतून वर आल्यासारखं, पाच मिनिटं. अशाच एका वेळी, दुसऱ्या दिवशी, मला आठवलं की आज अक्का येणार.

मी म्हटलं, "बाज. बाळ. बाजेवर नको."

जवळ आई होती. तिने माझ्या कपाळावरून हात फिरवला. "हां पोरी, ढेकूण गयात, बठ्ठा गयात."

"बाज बाहेर काढ."

"काढी, काढी. झोप आते."

मी ओरडायला गेले, तर घशातून नुसती हवा आली. आई डोळे पुसत नानांना म्हणाली, "परत बरळी ऱ्हायनी." नाना भिंतीकडे तोंड करून उभे होते. ते माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "कोनी काही बोल्लं का तुले? माले सांग. मी काही म्हनाव नही." इतक्या मायेने ते माझ्याशी कधी बोलले नव्हते. मला रडू आलं, आणि माझं रडणं त्यांना कबुलीसारखं वाटलं असणार.

मग परत ढेकूण आले.

काकांचा डबा

तिसऱ्या दिवशी सकाळी काका गावाहून डबा घेऊन आले. मी डोळे मिटून पडले होते. डोकं स्वच्छ होतं, पण ते कुणाला माहीत नव्हतं.

"पोर कशी शे?" आईने अक्काच्या बाळाबद्दल विचारलं.

"गुनी शे बापा," काका म्हणाले. "काल संध्याकायपासून खिडकीजोडे झोपेल शे. अक्का सयपाकमा गुतेल, तरी रडस बी नही. दूध बी पेत नही जास्ती. निस्ती लाय गयी ऱ्हायनी."

आई म्हणाली, "दात यी ऱ्हायना व्हतीन."

"साडेचार महिनामा? लवकरच म्हना. आजीवर गयी!" काका हसले. तीन दिवसांत त्या खोलीत पहिल्यांदा कुणी हसलं होतं. आईसुद्धा हसली.

काल संध्याकाळपासून. खिडकीजवळ. लाळ. माझीही सुरुवात लाळेनेच झाली होती.

मी बोलले. बोललेच. पण शब्द फुटेनात, आणि जे फुटले ते तेच होते, बाज, बाळ, ढेकूण. तीन दिवस माझ्या तोंडून तेच शब्द ऐकून त्यांची किंमत गेली होती. काकांनी डोकं हलवलं. "बिचारी," म्हणाले आणि डबा सोडायला लागले.

तेवढ्यात त्या सिस्टर सलाईन बदलायला आल्या. रात्रपाळी संपवून घरी निघाल्या होत्या. मी बांधलेल्या हाताची बोटं लिहिल्यासारखी हलवली. त्या थांबल्या.

"लिखेगा?" त्यांनी विचारलं.

"ती काय लिही, सिस्टर," आई म्हणाली. "तिले भान नही."

सिस्टरनी गाठ सोडली. माझ्या हातात आपलं बॉलपेन दिलं, खाली तापाच्या नोंदीचा कागद धरला. मला जवळचं काहीच दिसत नव्हतं. अक्षरं मनात बघून लिहायची होती. हात आपोआप इंग्रजीकडे वळला, शाळेने वळवलेला होता तसा. मी लिहिलं: प्यायले नाही. खाटेवर फवारलं. त्याच खाटेवर बाळ आहे.

ओळी एकमेकींवर चढल्या होत्या. सिस्टरनी कागद उजेडात धरला, तिरका केला. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मला वाटतं, त्यांना माझ्या ड्रेसचा वास आठवला. बाह्या, छाती, ओढणी. प्यायलेल्या माणसाचे कपडे असे भिजत नाहीत.

"बेबी किधर सोता है?" त्या एवढ्या मोठ्याने ओरडल्या की शेजारच्या खाटेवरची म्हातारी उठून बसली. "अरे, बेबी किधर सोता है?"

वाट बघणं

गावात एकच फोन होता, पोस्टात. तो लागेना. नाना चपला न घालता खाली धावले आणि दवाखान्याबाहेर उभी असलेली एक जीप घेऊन गेले.

आई माझ्या पायांशी बसली होती. माझ्या डोक्यामागच्या भिंतीवर घड्याळ होतं, मला काटे दिसत नव्हते. नुसती टिकटिक. दर थोड्या वेळाने आई उठून जिन्यापर्यंत जायची आणि परत यायची. एकदा परत आल्यावर ती म्हणाली, "मीच म्हन्लं तुले दारं लायी ले." मग बऱ्याच वेळाने, "ती बाईना पोरले तं काहीच व्हत नही..."

मी चिठ्ठीचं सांगितलं नाही. ते मला माहीत होतं, हे तिला त्या दिवशी सांगणं मला जमलं नाही. तिला वाटत राहिलं की दोष तिचा एकटीचा. सिस्टर घरी गेल्या नाहीत. लहान मुलांच्या खोलीत एक खाट तयार करून दारात उभ्या राहिल्या.

अक्का जिना चढली तेव्हा तिच्या पायांत एकच चप्पल होती. बाळ खांद्यावर होतं, मान एका बाजूला पडलेली. माझ्या खाटेशेजारून जाताना तिने माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग होता की भीती, हे मी तिला आजवर विचारलेलं नाही.

सिस्टरनी बाळ हिसकावून घेतलं आणि दार लावलं.

मी भिंतीला कान लावून पडले. पलीकडे भांडी वाजली, पाणी ओतलं गेलं, डॉक्टरांचा आवाज आला, मग काहीच नाही. त्या शांततेत मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या तरी रडण्याची इतकी वाट बघितली. ते आलं दिवे लागल्यावर. बारीक, चिडलेलं, तुटक. आईने जमिनीवर डोकं टेकलं.

बाळ पाच दिवस तिथे होतं, मी बारा. आता ती पहिलीत जाते. थंडीत तिला धाप लागते. डॉक्टर म्हणतात, त्याचा याच्याशी संबंध असेलच असं नाही. आम्ही हो म्हणतो.

घरी

बरं होताना फार थकवा असतो. महिनाभर जिना चढले की पाय थरथरायचे, आणि कुठे फवारणीचा वास आला की तोंडाला पाणी सुटायचं. ते अजून सुटतं. बाजा नानांनी मळ्यात नेऊन जाळल्या. धूर गावाकडे येऊ नये म्हणून वारा बघून जाळल्या. गावात मात्र पोरीने औषध प्यायल्याचीच गोष्ट राहिली. खरी गोष्ट सांगायला गेलं की लोक म्हणायचे, "असं कुठं व्हस का? टीव्हीवर तं..." अमळनेरचे लोक आले नाहीत.

ती जाहिरात चालूच होती. गुलाबी साडी, खिडकी, झोपलेलं मूल. आई उठून टीव्हीसमोर उभी राहायची, ती संपेपर्यंत. कुणी विचारलं तर म्हणायची, "पाठ दुखस."

श्रावणात कपाशीवर मावा पडला. नानांनी नवीन बाटली आणली. संध्याकाळ होती, शेतीचा कार्यक्रम लागला होता आणि नेहमीची माणसं बसली होती. नाना माझ्यापुढे आले, चिठ्ठी धरून. मी सवयीने पंपाला किती टाकायचं ती ओळ शोधायला लागले.

"नाना," मी म्हटलं, "मागच्या वेळी मी सगळं वाचलं होतं. घरात वापरू नका, असं होतं त्यात."

आई स्वयंपाकघराच्या दारात होती. तिने ऐकलं. नाना वळले, टीव्ही बंद केला आणि परत येऊन माझ्यासमोर जमिनीवर बसले.

"बठ्ठं वाच," ते म्हणाले.

मी सगळं वाचत गेले, एकेक ओळ, मराठी करून. अर्धी माणसं कंटाळून उठून गेली, एक जण जाता जाता म्हणाला, "आते पोरी शिकाडतीन आमले फवारनी." नाना उठले नाहीत. हातमोज्यांच्या ओळीला त्यांनी आपले हात पुढे घेऊन पाहिले.

मी वाचत होते आणि उघड्या खिडकीतून तो वास आला. गावालगतच्या शेतात कुणाचा तरी पंप चालू झाला होता, अंधार पडायच्या आत उरकायला. वारा आमच्या बाजूचा होता. माझ्या तोंडाला पाणी सुटलं. मी ते गिळलं आणि पुढची ओळ आणखी मोठ्याने वाचली.